एकशे तीसच्या आत

माझा चुलत भाऊ करामा आला नाही, म्हणून त्या शुक्रवारी सकाळी अब्बांना मी एकट्यानं उचललं. तयारी तो करायचा तशीच केली. त्यांचे पाय पलंगाखाली सोडले, माझा उजवा गुडघा त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये घातला, त्यांचा लुळा हात माझ्या मानेवर टाकला, त्यांच्या पाठीमागे माझी बोटं एकमेकांत अडकवली, पोट आवळलं आणि जोर लावला. आणि ते वर आले. इतके सहज वर आले की मीच मागं गेलो. माझी पाठ कपाटावर आपटली, कपाटावरचा तांब्या घरंगळत खाली आला, आणि अब्बा माझ्या छातीला चिकटून, पाय फरशीपासून चार बोटं वर, तसेच लोंबत राहिले. भरलेली समजून बादलीला हात घालावा आणि ती रिकामी निघावी, तसं काहीतरी झालं होतं.  

“पडलात का रे?” अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली.

“नाही. उचललं.”

“कुणी?”

“मी.”

पळीचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “करामा कधी आला?”

न्हाणीघरातल्या भोकाच्या खुर्चीवर अब्बांना बसवून मी दार लोटून बाहेर उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे धरून बघितले. थरथरत नव्हते. मला आनंद झाला, आणि तो बादली भरायला लागतो तेवढा वेळ टिकला. पहाटेच मी वजन केलं होतं: शुक्रवार, उपाशीपोटी, लघवी करून, फक्त लुंगीवर. छप्पन्न. चौदा महिन्यांपूर्वी मी एकोणपन्नास होतो. हे सगळं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आलेखाच्या कागदावर आहे, दर शुक्रवारी एक ठिपका. काही आठवडे ठिपका खाली येतो, मग दोन आठवडे जागचा हलत नाही, पण एकंदरीत रेघ वर जाते. तेव्हा सरळ अर्थ असा की मी ताकदवान झालो. पण मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथं एखादा निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला की आम्ही आधी यंत्रावर संशय घेतो, मग नमुन्यावर, आणि आनंद सगळ्यात शेवटी. मी दाराबाहेर उभा राहून हाच विचार करत होतो, की जे उचललं गेलं त्यात दोन माणसं होती, आणि आलेख एकाचाच आहे.

बारकसमध्ये, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सालमीन उस्तादांचा मुलगा काटकुळा असणं ही खाजगी बाब नव्हती. आमच्या गल्लीत पोरं चालायला लागली की तालमीत येत. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, अब्बा कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर उभे राहायचे आणि नवी पोरं रांगेनं त्यांच्यासमोर. ते एकेकाच्या काखेत हात घालून त्याला वर उचलायचे, काही ऐकू येतंय का असं बघितल्यासारखे क्षणभर हवेत धरायचे आणि आकडा सांगायचे. सव्वीस. एकतीस. साडेअठ्ठावीस. समोर धान्याचं दुकान होतं, तिथल्या काट्यावर पोराला उभं करून खात्री करून घ्यायची हा मोठ्या माणसांचा खेळ. अर्ध्या किलोच्या वर फरक पडलेला कुणाला आठवत नव्हता. आया मुद्दाम पोरं घेऊन यायच्या, उस्ताद जरा हात लावून बघा, तापात किती उतरला. मी दहा वर्षांचा असताना माझ्या काखेत हात घालून ते म्हणाले, “एकवीस.” मागं कुणीतरी हसलं. बाकीच्या पोरांना ते आकडा सांगून झाला की सोडून द्यायचे, पोरं धपकन मातीत पडायची आणि खिदळायची. मला त्यांनी सोडलं नाही. मला त्यांनी ठेवलं. काचेचं भांडं ठेवावं तसं, दोन्ही पाय जमिनीला लागलेत याची खात्री करून. ते हसणं मी विसरलो असतो, हे ठेवणं विसरलो नाही.

“अवद, आज वारा आहे बरं का, खिशात दोन लिंबं ठेव,” करामा म्हणायचा. तो बाराव्या वर्षीच माझ्या दुप्पट होता. मला सगळे पतंग म्हणायचे. लग्नाच्या दस्तरखानावर एक म्हातारी मोठ्यांदा विचारायची, “सालमीनच्या घरी हरीस पुरत नाही का गं?” आणि अम्मीचा चेहरा उतरायचा, कारण आमच्या अम्मीचा हरीस गल्लीत नावाजलेला. गहू आणि मटण पहाटेपर्यंत मंद आचेवर, मग लाकडी घोटण्यानं असं घोटायचं की कुठला दाणा आणि कुठलं मांस ते जिभेला ओळखू येऊ नये. मी तो खायचो. दोन वाट्या खायचो. तो कुठं जायचा कुणास ठाऊक. शेवटी अब्बांनीच एके दिवशी सांगून टाकलं, “हाड हलकं आहे याचं. जबरदस्ती नक्को. पुस्तकं उचलू दे.” ते मायेनं म्हणाले असतील. मला ती सुटका वाटली आणि हाकलणंही वाटलं, आणि त्यातलं खरं कोणतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पुस्तकं उचलली. जीवरसायनशास्त्रात पदवी घेतली. शरीरात काहीही नाहीसं होत नाही, ते फक्त दुसऱ्या रूपात दुसरीकडे जातं, हे मी तीन वर्षं परीक्षेत लिहीत आलो.

अर्धांगवायूनं अब्बांचा उजवा भाग गेला तेव्हा इस्पितळातल्या पलंगालाच वजनाचा काटा होता. त्यावर हिरव्या अक्षरांत एकशे चार उमटलं. जीभ अर्धी गेली, गिळणं अर्धं गेलं. बोलणं उरलं ते दोन-चार शब्दांचं, त्यात सगळ्यात स्वच्छ ‘नक्को’. घरी आणल्यावर करामा रोज सकाळ-संध्याकाळ यायचा, “चला उस्ताद, कुस्ती,” म्हणून मिठी मारायचा आणि उचलायचा. पहिल्याच महिन्यात एका दुपारी अब्बांनी मला खूण केली. अम्मी बाहेर गेली होती, करामा कामावर. त्यांना थांबवत नव्हतं. मी मिठी मारली, जोर लावला, ते अर्धे उठले आणि आम्ही दोघे खाली गेलो. ते माझ्यावर. माझा श्वास कोंडला, त्यांचा गाल माझ्या गालावर, दाढीचे खुंट टोचत होते, आणि मग मला मांडीवर ऊब जाणवली आणि कळलं की ते थांबू शकले नाहीत. करामा येईपर्यंत दीड तास आम्ही तसेच. मी कसाबसा कुशीवर सरकलो होतो, पण त्यांच्याखालून हात निघेना. ते सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. करामानं त्यांना उचललं, मग मला हात दिला, आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुबारकभाईच्या जिममध्ये नाव घातलं.

मुबारकभाई एकेकाळचा अब्बांचाच चेला. त्यानं माझं मनगट दोन बोटांत धरलं, अंगठा आणि करंगळी, आणि तरी वर जागा उरली. “मियाँ,” तो म्हणाला, “तुझं शरीर म्हणजे फुटका हंडा. भोक बुजवायच्या नादी लागू नकोस, बुजत नाही. फक्त नळ बंद करू नकोस.” त्यानं मला आरशासमोर दंड फुगवणाऱ्यांपासून दूर नेलं. चारच गोष्टी दिल्या: बैठक, जमिनीवरून उचलणं, छातीवरून ढकलणं, ओढणं. आठवड्यातून तीनच दिवस. धावायचं नाही. दर आठवड्याला वजन थोडं वाढवायचं, अगदी थोडं, आणि बाकीचे दिवस झोपायचं आणि खायचं. “बाकीचे इथं उचलायला येतात,” तो म्हणाला, “तुझं खरं काम ताटावर आहे.” त्याचं म्हणणं खरं निघालं. उचलणं सोपं होतं. गिळणं कठीण होतं. सकाळी चार अंडी, मग केळी, दुपारी डब्यात भात, मटण आणि पुन्हा भात, संध्याकाळी दुधात खजूर घोटून. दर तीन तासांनी, भूक असो नसो. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्यांची रांग यंत्रात लावून मी मागच्या खोलीत उभ्याउभ्या खायचो, घास गालात फिरवत राहायचो, आणि तो खाली जायचं नाव घ्यायचा नाही. दोनदा उलटी झाली. उलटी झाली की मी घड्याळ बघायचो आणि अर्ध्या तासानं तेच परत खायचो. घरी यायचो तर पलंगाच्या कडेला अम्मी चमचा घेऊन बसलेली आणि अब्बा गालात घास फिरवताहेत. आमच्या घरात त्या वर्षी दोन माणसं गिळायला शिकत होती.

डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “वजनावर लक्ष ठेवा. सत्तरच्या खाली गेले तर तोंडानं पुरत नाही असं समजायचं. मग पोटात नळी घालावी लागेल.” अब्बांनी डावा हात वर केला. “नक्को.” डॉक्टर म्हणाले, “उस्ताद, अजून वेळ आहे, आत्ताच कुठं घालतोय?” “नक्को,” अब्बा पुन्हा म्हणाले, दाराकडे बोट दाखवून. लक्ष ठेवायचं म्हणजे कसं, हा प्रश्न मात्र कुणी सोडवला नाही. इस्पितळात परत जायला ते तयार नव्हते. घरी माझा काटा होता, स्प्रिंगचा, एकशे तीसपर्यंतचा. त्यावर पाण्याचे मोजून भरलेले डबे ठेवून मी तो तपासला होता, दोनशे ग्रॅमच्या वर चूक नाही. एकदा करामा अब्बांना मिठीत घेऊन त्यावर उभा राहिला, म्हणजे त्याचं वजन वजा करता येईल. काटा सर्रकन फिरला आणि शेवटच्या खिळ्याला जाऊन अडकला. करामा एकटाच ब्याण्णव. ज्याला उचलता येत होतं तो फार जड होता, आणि जो हलका होता त्याला उचलता येत नव्हतं. अब्बा हसले होते तेव्हा, अर्ध्या तोंडानं. काटाही त्यांना पुरला नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. मग डॉक्टर नुसते बघूनच “ठीक आहेत” म्हणू लागले, आणि आम्हीही.

खुर्चीवरून त्यांना परत आणताना मी सावध होतो, या वेळी मागं गेलो नाही. पुन्हा तेच. मिठीत त्यांच्या बरगड्या लागल्या. रोज लागत असतील का? रोज मी पाय धरायचो, छाती करामाकडे असायची. त्यांना पाठीला उशा लावून बसवलं आणि करामाला फोन केला. तो मेहुण्याला विमानतळावर सोडायला गेला होता, मागं भोंग्यांचा गोंगाट.

“अब्बा हलके झालेत का?” मी विचारलं.

“मला काय विचारतोस? मला सगळेच हलके,” तो म्हणाला. “का, तू उचललंस?”

“हौ.”

“एकट्यानं?” तो भोंग्याच्या वर ओरडला. “अरे शाब्बास पतंगा! सगळ्या गल्लीला सांगतो थांब.”

“सांगू नकोस.”

“का?”

 मी फोन ठेवला.

अम्मी हरीस घेऊन आली. दोन वाट्या, माझी मोठी, तूप वरून सोडलेली, त्यांची पातळ करून, मीठ बेताचं. ती पलंगाच्या कडेला बसली, मी नेहमीप्रमाणे समोरच्या स्टुलावर. पहिला चमचा. दुसरा. तिसरा त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला, गळ्याची घाटी वर गेली, अडली, खाली आली. चौथ्यानंतर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि डावा हात उचलून बोट माझ्याकडे केलं. हे ते रोज करायचे. मी रोज विचारायचो, “काय अब्बा, काही हवं?” आणि ते डोळे मिटून घ्यायचे. अम्मीनं उरलेला हरीस, म्हणजे जवळजवळ सगळी वाटी, माझ्या वाटीत ओतला. हेही ती रोज करायची. माझा चमचा हातातच राहिला.

“अम्मी, हे कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“त्यांचं माझ्या वाटीत ओतणं.”

“मग टाकून देऊ का? मटण आहे त्यात.” तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. “तेच सांगतात ना.”

“काय सांगतात?”

“बोट दाखवत नाहीत का तुझ्याकडे? रोज तर दाखवतात. त्याला दे म्हणून.”

“तुला कसं माहीत, दे म्हणून? मला बोलवत असतील.”

“तू समोरच तर बसलेला असतोस,” ती म्हणाली. “बोलवतील कशाला?”

मी वाटीकडे बघत राहिलो. तूप तिच्या कडेनं पिवळं गोल झालं होतं. चौदा महिने मी माझ्या आलेखाकडे बघून अंडी मोजली, केळी मोजली, प्रथिनांचे ग्रॅम मोजले, आणि रोज सकाळची ही ओतलेली वाटी कधीच लिहिली नाही, कारण ती मी खायचं ठरवलेलं नव्हतं, ती उरलेली होती. त्यांना जात नव्हतं म्हणून ते नको म्हणत होते, की मला मिळावं म्हणून नको म्हणत होते? घाटी अडते हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण अडली तरी खाली जाते, हेही बघितलं होतं. चौथा चमचा गेला होता; मग पाचवा का जाऊ नये? आणि समजा ते देत होते, तर मी कशाला वाढलो, त्यांना उचलायला? त्यांना उचलायला त्यांनीच मला त्यांच्यातलं दिलं, आणि दिल्यामुळे उचलणं सोपं झालं, आणि मी मात्र जिममध्ये घाम गाळून ते कमावलं असं समजत होतो. हे बरोबर नव्हतं. सात किलो माझे वाढले, त्यांचे किती गेले हे कुणालाच माहीत नव्हतं. एका समीकरणात दोन अज्ञातं. मी स्टुलावरून उठलो, कपाटाखालचा काटा पायानं ओढून पलंगाजवळ घेतला आणि शून्य तपासलं.

“हे काय आता?” अम्मी म्हणाली. “जेवताना?”

“एकच मिनिट.”

अब्बांनी तोंड भिंतीकडून वळवलं. काटा बघून त्यांचा डावा डोळा बारीक झाला. मी वाट बघितली, पण ते ‘नक्को’ म्हणाले नाहीत. मी गुडघा घातला, हात मानेवर घेतला, मिठी मारली. त्यांच्या तोंडाला तुपाचा वास होता. उचललं, एक पाय काट्यावर, मग दुसरा, आणि सरळ उभा राहिलो. काटा सरकला, शंभर ओलांडून गेला, एकशे वीस ओलांडून गेला, आणि खिळ्याच्या अलीकडेच थांबला. थोडा हलला, स्थिर झाला. एकशे सत्तावीस. आमच्या घरातल्या काट्यावर अब्बा पहिल्यांदाच मावले होते.

त्यांना खाली दिसत नव्हतं, त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. कानाशी आवाज आला, “किती?”

मी म्हणालो, “खिळ्याला लागला, अब्बा. एकशे तीसच्या पुढं.”

हे मी का म्हणालो मला माहीत नाही. नळीसाठी असेल. त्या अर्ध्या हसण्यासाठी असेल. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हे खरं असेल तर मी खरोखरच पैलवान झालो, आणि हे खोटं त्यांच्यासाठी बोललो की माझ्यासाठी, तेही मला सांगता येईना.

 त्यांचा डावा हात हलला. तो माझ्या पाठीवरून वर आला, आणि पंजा माझ्या काखेत शिरला, बोटं मागं, अंगठा पुढं, हौद्याच्या काठावर धरायचे तशी. दुसरा हात माझ्या मानेवर निर्जीव पडलेला. ते मला उचलत नव्हते, कसं उचलतील, पण काही ऐकू येतंय का असं बघितल्यासारखे क्षणभर थांबले. मग म्हणाले, “एकाहत्तर.”

स्वच्छ म्हणाले. अम्मीनंही ऐकलं, ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं त्यांचा हात आता विसरला. मी छप्पन्न आहे, पहाटेच बघितलं. मग वाटलं, मला खूश करताहेत, पंधरा किलो पदरचे घालून. पण वजनाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला खूश केलेलं मला आठवत नव्हतं. आणि मग, ते मिठीत असतानाच, मी एकशे सत्तावीसमधून छप्पन्न वजा केले.

एकाहत्तर.

 मी काट्यावरून उतरलो, दोन पावलं चाललो आणि त्यांना पलंगावर ठेवलं; दोन्ही पाय नीट फरशीला लागलेत ना, ते बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्या दुपारी फरशीवर बघत होते तसं नाही, किंवा तसंच असेल. मला त्यांना विचारायचं होतं, कुणाचं सांगितलंत? पण असं विचारलं तर मी काट्यावरचा आकडा लपवला हे कबूल करावं लागलं असतं, आणि त्यांनी तो ओळखला असेल तर विचारायचं काही उरतच नव्हतं.

“काय झालं?” अम्मी म्हणाली. “किती भरलं? चांगलं का वाईट?”

“बघू,” मी म्हणालो.

मी माझी वाटी उचलली, स्टूल पलंगाला लावलं आणि एक चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. ते भिंतीकडे वळले नाहीत. त्यांनी बोट माझ्याकडे केलं. मी तो चमचा स्वतः खाल्ला आणि पुढचा भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वेळ घेतला, मग तोंड उघडलं. घाटी वर गेली, अडली. अम्मी आणि मी दोघेही तिच्याकडे बघत होतो. खाली आली. पुन्हा बोट माझ्याकडे. मी खाल्लं. मग ते. हरीस गार होत चालला होता आणि मला अजिबात भूक नव्हती. त्यांना किती गेले, मला किती गेले, हे मी सवयीनं मनात मोजत होतो, त्यांचे पाच, माझे सहा, त्यांचे सहा. मग एका चमच्याला त्यांना ठसका लागला, अम्मीनं पाठ चोळली, मी पाण्याला उठलो, परत बसलो, चमचा भरला, आणि तो तसाच हातात धरून मला आठवेना की आता पाळी कुणाची.